शांततेने, उघडपणे आणि हक्काने

वकीलसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पहिलाच प्रश्न टाकला, "गाडी काढताना तुम्ही नानांना विचारता का?"

"विचारतो की!" मी जरा ताठ बसलो. "काका आहेत ते माझे. रोज सकाळी हाक मारतो, 'नाना, गाडी काढू ना?' ते हो म्हणाले की मगच काढतो."

वाटलं होतं, आता म्हणतील, वा, घरचं वळण आहे. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "घालवलात ना हक्क!"

हक्क म्हणजे आमच्या बोळावरचा. बडोद्याला कारेलीबागेत आमची दोन घरं शेजारी-शेजारी आहेत, आमचं आणि नानांचं. नाना माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. माझे आजोबा आणि नानांचे वडील, दोघे सख्खे भाऊ, दोघेही गायकवाडांच्या नोकरीत. 1949 साली संस्थान विलीन झालं, पुढे नोकऱ्या आटोपल्या आणि दोघांनी मिळून ही जागा घेतली. दोन घरं बांधली, मध्ये नऊ फूट बोळ सोडला, पुढे एकच झांपा केला. (आमच्या घरात फाटकाला झांपाच म्हणतात. पुण्याची मंडळी हसतात, हसोत.) कोणीतरी तेव्हा सुचवलं होतं म्हणे, की बोळाचं काय ते कागदावर लिहून ठेवा. त्यावर दोघे भाऊ एकदमच म्हणाले, "आपल्यात कसलं लिहून घ्यायचं?"

या एका वाक्यावर कितीतरी वकिलांची घरं चालत असतील. आमच्या वकीलसाहेबांचा एसी तरी चालतो.

कागदोपत्री हद्द बोळाच्या बरोबर मधून जाते. साडेचार फूट आमचे, साडेचार फूट नानांचे. ज्या काळी घरात दोन सायकली आणि एक गाय होती, त्या काळी हे फार झालं. पुढे नानांनी मारुती 800 घेतली. ही गाडी 1440 मिलिमीटर रुंद. साडेचार फूट म्हणजे 1371. म्हणजे नानांनी आपल्या भिंतीला अगदी रंग लागेपर्यंत गाडी चिकटवली, तरी ती पावणेतीन इंच आमच्यात येते. हे मी टेपने मोजलं आहे. नाना खिडकीतून बघत होते.

मग मी स्विफ्ट घेतली. ती 1735 मिलिमीटर, आरसे सोडून. माझं नानांच्या हद्दीतलं आक्रमण सव्वाचौदा इंच. हे नानांनी मोजलं. मी खिडकीतून बघत होतो. दोन्ही गाड्या शेजारी-शेजारी उभ्या केल्या तर दहा फुटांच्या वर जातात आणि बोळ नऊचा. आमच्या घराण्याची सगळी भाऊबंदकी या दीड फुटात मावते.

आता माझी गाडी असते मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, आणि नानांची बोळात, त्यांच्या दाराशी. त्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे गाडी दारातच लागते. त्यांना बाहेर जायचं असतं आठवड्यातून दोनदा, मला रोज नऊ वाजता. मी हॉर्न देतो. एकदा. काकांना दोनदा हॉर्न देणं बरं दिसत नाही. आतून आवाज येतो, "आलो, आलो, दोन मिनिटं!" नानांची दोन मिनिटं म्हणजे चहा संपणं, पेपरातलं शब्दकोडं एका उभ्या शब्दापाशी येऊन थांबणं, किल्ली सापडणं, मग चष्मा सापडणं, मग चष्म्याने पाहिल्यावर ही किल्ली कपाटाची आहे असं लक्षात येणं. मग गाडी मागे घेताना ते खिडकीतून मान काढून विचारतात, "पूर्वेला जाणारा, चार अक्षरी, शेवटी 'ख'?"

एकदा मी घाईत म्हणालो, "नाना, निदान मी जायच्या वेळी तरी गाडी बाहेर ठेवत जा."

"तू जायच्या वेळी?" नाना म्हणाले. "मग तुझी वेळ झाली की अख्ख्या कारेलीबागेने श्वास आत घ्यायचा का?"

त्यावरून वाढत वाढत ते म्हणाले की न्यायमंदिराची पायरी चढवीन. ही आमच्या घरची पिढीजात धमकी. पण न्यायमंदिरातली कोर्टं आता दिवाळीपुऱ्याच्या नव्या इमारतीत गेली आहेत, आणि "दिवाळीपुऱ्याला खेचीन" म्हटलं की फराळाला बोलावल्यासारखं वाटतं. त्यामुळे नाना जुनाच पत्ता वापरतात. मी मात्र खरोखरच वकिलाकडे गेलो.

वकीलसाहेबांनी मला 1882 चा सुविधाधिकार कायदा समजावला. वहिवाटीचा हक्क मिळवायचा तर कलम 15 प्रमाणे ती वाट शांततेने, उघडपणे, हक्काने आणि खंड न पडता वीस वर्षं वापरलेली असावी लागते. नानांच्या साडेचार फुटांवरून माझी वहिवाट, माझ्या साडेचार फुटांवरून नानांची.

"हक्काने म्हणजे परवानगीने नव्हे," ते म्हणाले. "रोज 'काढू का' विचारलंत म्हणजे तुम्हीच कबूल केलंत की मालक ते आणि तुम्ही पाहुणे."

"ठीक. विचारणार नाही. भांडून काढीन."

"भांडलात तर शांततेने कुठे राहिलं?"

"मग गप्प बसून..."

"अजिबात नको! त्यांनी वाट अडवली आणि वर्षभर तुम्ही ते गप्प सोसलंत, तर वहिवाटीत खंड पडला असं धरतील."

मी तीन वेळा बोटं मोजली. विचारायचं नाही, भांडायचं नाही आणि गप्पही बसायचं नाही. लग्नात आईने बायकोला हळूच काही सांगितलं होतं, ते थोडंफार असंच असावं.

"मग करायचं काय?"

"लेखी निषेध," वकीलसाहेब म्हणाले. "प्रत्येक वेळी. तारीख, वेळ घालून. प्रत ठेवा."

दुसऱ्या दिवसापासून मी नानांना हाक मारणं बंद केलं. हे लिहायला सोपं आहे. समोर ओट्यावर सत्तरी उलटलेला काका बसलाय, ज्याने लहानपणी आपल्याला कमाटीबागेतल्या छोट्या आगगाडीत बसवलंय, आणि आपण त्याच्याकडे न बघता, ओठ मिटून, शांततेने व उघडपणे चालत जायचं. पहिल्या दिवशी माझ्या मानेत उसण भरली. नाना काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की तेही माझ्याकडे न बघता, ओठ मिटून बसलेत. काकूंनी आमच्या हिला कढीची वाटी देताना सांगितलं, "अगं, ह्यांनी वकील केलाय ने. त्याने सांगितलंय, बोलायचं नाही म्हणून."

बायकांचा व्यवहार चालूच होता. वाटी इकडून तिकडे जायची, रिकामी कधी परत यायची नाही, आणि दोघींपैकी एकीनेही कलम 15 वाचलेलं नव्हतं.

निषेधाची पहिली चिठ्ठी लिहायला मला एक संध्याकाळ लागली. अडचण मायन्याची होती. काकांना 'महोदय' कसं लिहायचं? शेवटी लिहिलं: "तीर्थरूप नानांस, शि. सा. न. वि. वि. आपण दि. 14 रोजी सायंकाळी 7 ते 7.40 पर्यंत आमच्या वहीवाटीत अडथळा केलात, त्याचा तीव्र निषेध नोंदवीत आहे. सौ. काकूंस नमस्कार. गुडघ्यांची काळजी घ्यावी." आणि चिठ्ठी 800 च्या वायपरखाली खोचली.

सकाळी ती माझ्या वायपरखाली होती. नाना आयुष्यभर शाळेत मराठी शिकवत होते हे मी विसरलो होतो. 'वहीवाट'मधल्या 'ही'भोवती लाल गोल, आणि समासात: "वहिवाट. हि ऱ्हस्व. वही निराळी, ती तू शाळेतही नीट ठेवली नाहीस." खाली: "6/10. आशय बरा."

पुढची दोन वर्षं अशी गेली. फाइलमध्ये माझे त्रेचाळीस निषेध आहेत, सगळे तपासलेले. मला सर्वाधिक साडेसात मिळाले, तेही 'अतिक्रमण'चं लेखन बरोबर होतं म्हणून. वकीलसाहेबांनी फाइल चाळली आणि विचारलं, हे लाल शाईचं काय आहे? मी म्हटलं, प्रतिवादीचं म्हणणं.

मग 2024 ची जन्माष्टमी आली. 26 ऑगस्ट. पाऊस थांबेना, आणि संध्याकाळी मोबाइलवर एकच विषय, विश्वामित्री नदी किती फुटांवर. धोक्याची पातळी 26. आमच्या गल्लीतली लोकं गाड्या उंचावर, पुलावर नेऊन लावायला लागली. मीही किल्ली घेऊन निघालो. बोळात नानांची 800.

कोणीही शहाणा माणूस काय करेल? दार वाजवून म्हणेल, नाना, चला, दोन्ही गाड्या पुलावर नेऊ. पण 'चला' म्हणजे विनंती आणि विनंती म्हणजे परवानगी. दोन वर्षांचं मौन एका पावसात वाहून जाणार. मी छत्रीखाली उभं राहून निषेध क्रमांक चव्वेचाळीस लिहिला. तो खोचेपर्यंत त्याचा लगदा झाला. वर पाहिलं तर नाना खिडकीत, किल्ली हातात. ते मी हाक मारण्याची वाट बघत होते, मी ते विचारण्याची. असे आम्ही किती वेळ उभे होतो कोण जाणे. आमची ही वरून म्हणाली, "दोघांनाही अक्कल नाही," आणि खिडकी लावून घेतली.

नदी 35 फुटांच्या वर गेली. पाणी बोळात आलं तेव्हा ना त्याने हद्द विचारली ना परवानगी. स्विफ्ट सीटपर्यंत बुडाली, 800 त्याहून थोडी वर. वीज नाही, पाणी फक्त खाली. आम्ही वरच्या मजल्यावर मेणबत्तीत, नाना-काकू त्यांच्या. वाटीचा व्यवहार दोरीला पिशवी बांधून चालला होता.

चौथ्या दिवशी पाणी उतरलं. सकाळी चिखलात पाय टाकणार, एवढ्यात समोरच्या खिडकीतून, दोन वर्षांत पहिल्यांदा, नानांचा आवाज आला:

"गाढवा, मागे हो!"

800 च्या खाली मगर होती.

बडोदेकराला मगरीचं तसं नवल नाही. विश्वामित्रीत त्या चारशेहून अधिक आहेत आणि पूर आला की गावात फिरायला येतात. पण दुसऱ्याच्या बोळात आलेली मगर आणि आपल्या बोळात आलेली मगर यात फरक आहे. ही पोरसवदा होती, साडेचार फुटांची असेल. बोळात आडवी, शेपूट नानांच्या भिंतीला, तोंड बरोबर मध्यावर. एक मिलिमीटर आमच्यात नाही. दोन पिढ्यांत इतकी काटेकोर हद्द कोणी पाळलेली नाही. शांततेने पडली होती, उघडपणे पडली होती, आणि हक्काने तर विचारूच नका. वीस वर्षांची अट तेवढी राहिली होती.

शिवाय ती 1972 च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत. तिला कोणी हात लावू शकत नाही. माझं नाव कुठल्याच अनुसूचीत नाही.

फोन केल्यावर वनखात्याचा एक माणूस आणि प्राणी वाचवणारी दोन पोरं आली. "गाडी कोनी छे? खसेडो ने," ते म्हणाले. पण गाडी सुरू होईना. मग सगळ्यांनी मिळून ढकलली. मी मागून लावलेला जोर पाहून नाना ओरडले, "सरळ ढकल! तुझ्या बाजूला जातेय!" पोरांनी मगरीच्या डोळ्यांवर ओलं पोतं टाकलं, फास घातला, तोंडाला चिकटपट्टी गुंडाळली. पाच मिनिटांत झालं. नानांची दोन मिनिटं यापेक्षा लांब असतात.

वनखात्याच्या माणसाने रजिस्टर उघडलं. "कोना घरमांथी पकडी?"

नानांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्याच्या. सगळा बोळ ह्याचाच आहे. विचारा त्याला, वकील लावलाय त्याने."

"छे, छे," मी म्हणालो. "नानांच्या हद्दीत होती. शेपूटसुद्धा भिंतीला टेकलं होतं."

त्या माणसाने एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि गुजरातीत लिहिलं, "सहियारो रस्तो."

संध्याकाळी वकीलसाहेबांना हे फोनवर सांगितलं. मगरीचं ऐकून ते नुसतं हं म्हणाले. 'सहियारो' ऐकल्यावर मात्र त्यांचा आवाज बदलला. "म्हणजे सामायिक! सरकारी माणसाने लिहिलंय? सहीनिशी? लगेच प्रत मिळवा, प्रतिवादीच्या हाती लागायच्या आत!"

सकाळी प्रत आणायला म्हणून खाली उतरलो, तर स्विफ्टच्या वायपरखाली कागद. रजिस्टरच्या पानाची झेरॉक्स. 'सहियारो'खाली लाल रेघ, समासात "मराठीत: सामायिक". आणि खाली नानांच्या वळणदार अक्षरात: "गाड्या ओढून न्यायला गॅरेजवाला नऊ वाजता येईल. तुझी मागे आहे, तरी माझी आधी बाहेर घेऊन तुझी प्रथम नेण्यास सांगितले आहे. ही परवानगी नव्हे, विनंतीही नव्हे. ही सुचना आहे."

मी ते दोनदा वाचलं. मग तिसऱ्यांदा, शेवटचा शब्द, अक्षर अक्षर. 'सु' ऱ्हस्व होता.

कागद छातीशी धरून मी जिना चढलो आणि हिला विचारलं, "घरात लाल पेन कुठंय?"