सुकुनाचं बोट म्हणजे बॅटरी नाहीये रे!

जुजुत्सु कायसेन या मांगाच्या, म्हणजे जपानी कॉमिकच्या, फॅन मंडळींचा एक वाद आता खरंच डोक्यात जातो. पंधरा बोटांचा सुकुना (यातला मुख्य व्हिलन, त्याची तुटलेली बोटं कोणी गिळत गेलं की त्याची ताकद परत येते) भारी की गोजो (यातला सगळ्यात ताकदवान मांत्रिक), वीस बोटं झाली तर किती मिनिटांत खेळ खल्लास, एका बोटाला किती ताकद धरायची... अरे मोबाईलचं चार्जिंग आहे का ते? (ज्यांचा मांगा वाचून झाला नाहीये त्यांनी इथूनच मागे फिरा, पुढे स्पॉयलरच स्पॉयलर आहेत, नंतर मला शिव्या घालू नका.)

माझं म्हणणं एवढंच की शोनेन म्हणजे पोरांसाठीच्या मांगामधल्या शापित वस्तूंत या बोटाइतकी किळसवाणी आणि तितकीच भारी कल्पना मी तरी दुसरी वाचलेली नाही, पण तिची मजा ताकदीत नाहीये, ते बोट कुठे ठेवलं होतं आणि कशासाठी यात आहे.

2018 मध्ये शोनेन जंप साप्ताहिकात आलेला पहिला चॅप्टर आठवा. सेंदाईमधली साधी शाळा. आवारात हवामानाच्या नोंदी घ्यायची ती पांढरी लाकडी पेटी, उंच पायांवर उभी, चारी बाजूंना झडपा, एरवी आत थर्मामीटर असतो. त्या पेटीत हे बोट. हजार वर्षांपूर्वीच्या हेआन काळातल्या, चार हात असलेल्या सुकुनाचं, म्हणून एकूण बोटं वीस. मंत्राच्या कागदात घट्ट गुंडाळलेलं. मेगुमी हा शिकाऊ मांत्रिक ते ताब्यात घ्यायला येतो तर पेटी रिकामी, कारण याच शाळेतल्या युजीला, म्हणजे आपल्या हिरोला, ते आधीच सापडलंय आणि त्याच्या ऑकल्ट (भुताखेतांच्या) क्लबचे सीनियर रात्री शाळेत बसून कागद सोलायला घेतात. मला तर तो कागद सुटतानाचा सीनच पुढच्या अर्ध्या फायटिंगपेक्षा जास्त भीतीदायक वाटतो.

आता पोरांच्या शाळेत असली वस्तू आलीच कशी? तर मुद्दाम ठेवलेली. मेगुमीच सांगतो की शाळा, हॉस्पिटल असल्या ठिकाणी माणसांची भीती, लाज, पश्चात्ताप साचत जातो आणि त्यातून शाप जन्मतात, मग त्यांना लांब ठेवायला त्यांच्याहून भयंकर काहीतरी तिथे आणून ठेवायचं. काट्याने काटा. फक्त सील वर्षानुवर्षं झिजत गेलं आणि जे बाकीच्या शापांना हाकलत होतं तेच आता त्यांना खायला बोलावतंय. म्हणजे कधीतरी कोणीतरी ठरवलं, ठेवलं आणि निघून गेलं, आणि निस्तरायला कोण, तर नुकताच आजोबा गेलेला एक पंधरा वर्षांचा मुलगा.

आणि ही कल्पना लेखक अकुतामीने हवेतून आणलेली नाही, जपानच्या श्रद्धेतच ती मुरलेली आहे. सुगावारा नो मिचिझाने नावाचा विद्वान दरबारी राजकारणात हद्दपार झाला, 903 मध्ये तिकडेच वारला, त्यानंतर दरबारात एकामागून एक मृत्यू, 930 मध्ये तर राजवाड्यावर वीज पडली, सगळ्यांनी खापर त्याच्या आत्म्यावर फोडलं आणि शेवटी क्योतोत कितानोला त्याचं देऊळ उभं राहिलं. आज तिथे मुलं परीक्षेत पास होऊ दे म्हणून हात जोडतात! मांगात हाच मिचिझाने गोजोचा पूर्वज दाखवलाय. ज्याची भीती वाटते त्यालाच मान देऊन राखणीला बसवायचं, हे कोकणातल्या माणसाला वेगळं समजवावं लागत नाही, राखणदाराचा मान चुकला की काय होतं हे ऐकतच आम्ही मोठे झालोय.

म्हणून युजी ते बोट गिळतो तेव्हा नुसती पॉवर मिळत नाही, शाळेच्या पेटीतली जबाबदारी त्याच्या पोटात जाते. सुकुना आता युजीच्या अंगात, म्हणून मांत्रिकांचे वरिष्ठ म्हणतात पोराला मारून टाका, गोजो म्हणतो मारायचंच आहे तर आधी वीसही बोटं खाऊ द्या, मग मारा. काय डील आहे राव! पोरगं चालतंफिरतं गोदाम झालं. आणि त्याने एक खाल्लं म्हणून बाकीच्या बोटांनाही जाग यायला लागली, यासोहाची पुलाखालचं प्रकरण त्यातूनच उभं राहिलं. इथपर्यंत मी लेखकाला पूर्ण मार्क देतो.

मग येतं टोकियोतल्या शिबुयाचं युद्ध. बेशुद्ध युजीच्या घशात जोगो नावाचा शाप एका दमात दहा बोटं कोंबतो. दहा! आतापर्यंत एकेका बोटासाठी माणसं मरत होती आणि आता शेंगदाण्यासारखी मूठभर. पुढे युजीच्या शरीरात जागा झालेला सुकुना जे करतो ते भयानकच आहे, 140 मीटरच्या परिघात काही शिल्लक राहत नाही आणि शुद्धीवर आलेला युजी ते बघून कोसळतो, ते पान मी विसरू शकत नाही. पण बोट मात्र तिथून निव्वळ आकडा झालं आणि आपली ती किती बोटांचा सुकुना वाली चर्चा सुरू झाली, याला फॅनइतकाच लेखकही जबाबदार आहे असं माझं मत.

तरी चॅप्टर 212 मध्ये पठ्ठ्याने डाव परत जिंकला. युजी आणि सुकुनात खूप आधी झालेला करार, एका मिनिटासाठी शरीर सुकुनाचं, त्या मिनिटात कोणालाही इजा करायची नाही, आणि युजी हे विसरलेला. त्या 'कोणालाही'मध्ये स्वतः युजी धरलेलाच नव्हता. सुकुना युजीच्याच हाताचं बोट उपटतो आणि मेगुमीच्या तोंडात घालतो. हजार वर्षांची वस्तू नाही, सील नाही, कागद नाही, आत्ता आपल्यासमोर ताजी शापित वस्तू तयार झाली, तीही मित्राच्या हाताने मित्राच्या घशात. पहिल्या चॅप्टरमध्ये ज्याने बोट शोधायला यावं त्यालाच शेवटी बोट गिळावं लागावं, याला म्हणतात प्लॅनिंग.

जाता जाता, सुकुना हे नावही खऱ्या जुन्या ग्रंथातलं आहे. 720 मध्ये पूर्ण झालेल्या निहोन शोकीत हिदा प्रांतातला दोन तोंडांचा, चार हातांचा र्योमेन सुकुना येतो, सम्राटाला न जुमानणारा लुटारू म्हणून, आणि सम्राटाचा सरदार त्याला मारतो. पण हिदात, आजच्या गिफूमध्ये, ताकायामाच्या सेन्कोजी मंदिरात विचाराल तर तो मंदिराची स्थापना करणारा महापुरुष, सतराव्या शतकात एन्कू नावाच्या भिक्षूने घडवलेली त्याची लाकडी मूर्ती तिथे आहे. मांगाने दरबाराची बाजू उचलली, ठीक आहे, व्हिलन पाहिजे होता. पण 271 चॅप्टरमध्ये एक तरी हिदाच्या लोकांच्या नजरेतून यायला हवा होता, डोमेनची (मांत्रिक लढताना स्वतःभोवती उभारतात त्या हद्दीची) लांबलचक समीकरणं थोडी कमी समजावली असती तर जागाही झाली असती.