आप्पांचा फोटो आणि माझी गल्ली

आमच्या भावकीच्या ग्रुपवर तीन आठवड्यांपासून एकच भांडण चालू आहे. भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावातल्या महादेवाच्या देवळाला आरसीसीचं शिखर चढवायचं, की त्याच वर्गणीतून दवाखान्याला दोन खोल्या काढायच्या. परवा आप्पांनी त्यात एक फोटो टाकला. कोरीव दगडाची चर्चं, वर कमान, खाली फरसबंदी रस्ता. सोबत मजकूर : "1693 ला भूकंपात सगळं गेलं. तरी तिकडच्या मठांनी आधी देवाची घरं बांधली. आज जग बघायला जातं. आणि आपल्यात देवाच्या पैशावर डोळा."

फोटो व्हिया क्रोचिफेरी या गल्लीचा होता. माझ्या घरापासून चालत सात मिनिटं.

अकरा वर्षं मी इटलीत, सिसिली बेटावरच्या कातानिया शहरात राहतो. सकाळी गच्चीवर एटना ज्वालामुखीची काळी राख पडलेली असली की झाडून पोत्यात भरतो आणि मग कामाला जातो. त्यामुळे या शहराबद्दल आप्पांनी मला शिकवावं, याचा राग आला. खरं सांगायचं तर राग आधी आला, विचार नंतर केला.

आप्पा, त्या कमानीच्या दोन्ही अंगांना बेनेडिक्टाईन पंथाच्या नन्सचे मठ आहेत. कमान एका रात्रीत उभी केली, अशी दंतकथा आहे. का, तर सरकारी मनाई यायच्या आत काम उरकायचं होतं. आपल्याकडं रविवारी अतिक्रमण उभं राहतं, तसंच. त्या नन्स कुणाच्या मुली होत्या? उमरावांच्या. लग्नात जमिनी वाटल्या जाऊ नयेत म्हणून मठात धाडलेल्या, आणि सोबत हुंडा मठाला. थोरला वारस व्हायचा, धाकटा संन्यासी. दोनशे मीटरच्या गल्लीत चार चर्चं उभी राहिली, कारण जेझुइट, क्रोचिफेरी आणि बेनेडिक्टाईन या ख्रिस्ती पंथांची एकमेकांत चढाओढ होती. गणेश मंडळांची असते तशी, फक्त दगडातली.

वरच्या अंगाला बेनेडिक्टाईन संन्याशांचा मठ आहे, सान निकोलो. 1669 चा लाव्हा त्याच्या भिंतीला येऊन टेकला होता. चोवीस वर्षांनी, 11 जानेवारीला, भूकंपानं उरलंसुरलं पाडलं. कातानियातली जवळपास दोन-तृतीयांश माणसं मेली. 1702 मध्ये मठाचं काम पुन्हा सुरू झालं आणि शतकभर चाललं. वाकारीनीसारखा मोठा वास्तुकार तिथं राबला. युरोपातल्या सगळ्यात मोठ्या मठांपैकी तो एक. पैसा कुठला? त्यांच्या जमिनींवरच्या गव्हाचा. म्हणजे कुळांचा. चर्चच्या दर्शनी भिंतीचे राक्षसी खांब मात्र अजून अर्धवट कापल्यासारखे उभे आहेत, तेवढा पैसा संन्याशांनाही पुरला नाही. 1866 मध्ये सरकारनं मठच ताब्यात घेतला. आता तिथं विद्यापीठ आहे आणि संन्याशांच्या जिन्यावर पोरं सिगारेटी ओढत बसतात. हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. आप्पांनी अंगठा दाखवला.

मग पुतण्या उठला. तो पुण्यात असतो. म्हणाला, "काका, म्हणूनच युरोप पुढं गेला, तिथं धर्माला असं डोक्यावर घेत नाहीत." बाळा, फेब्रुवारीत ये. शहराची रक्षक संत सांता आगाता, तिच्या उत्सवाच्या तीन दिवसांत इथं क्वेस्तुरातला, म्हणजे पोलीस कचेरीतला, कागद हलत नाही, आणि नंतर आठवडाभर रस्त्यावर सांडलेल्या मेणबत्त्यांच्या मेणावर स्कूटर घसरतात. मी दोनदा पडलोय.

दोघांनाही मला जे सांगायचं होतं, ते नोतोचं आहे.

नोतो हे सिसिलीतलंच गाव, त्याच 1693 च्या भूकंपात गेलेलं; इथलं आमचं किल्लारी. जुनं गाव डोंगरावर होतं, ते पडलं. स्पेनच्या व्हाइसरॉयनं नेमलेल्या ड्यूक ऑफ कामास्त्रानं ते काही किलोमीटर खाली उतरवलं. पुढं कितीतरी वर्षं लोक जुन्या जागेवर परत जायचं म्हणून भांडत होते. पण मठांनी आणि उमरावांनी नव्या उतारावर भिंती घालायला घेतल्या, आणि एवढा दगड कोण उचलून नेणार? गाव कुठं राहणार, हे असं ठरलं. फ्रा आंजेलो इतालिया नावाच्या जेझुइटानं शेजारच्या आवोलाचा नकाशा षटकोनी आखला. सरळ रुंद रस्ते, मोकळे चौक, म्हणजे पुढच्या वेळी पळायला जागा. आमच्या नव्या गावातही रस्ते असेच रुंद. शेजारणीला हाक मारली तर ऐकू जात नाही, असं आई म्हणायची. फरक एवढाच की आमच्याकडं जमिनीप्रमाणं घरं मिळाली, अडीचशे, साडेचारशे आणि साडेसातशे चौरस फूट, आणि चौकात बघण्यासारखं काही आलं नाही.

(हे लिहिताना मी आप्पांच्या बाजूला सरकतोय, हे मला कळतंय.)

पण नोतोची गोष्ट तिथं संपत नाही. 13 मार्च 1996 ला तिथल्या कॅथेड्रलचा घुमट कोसळला. 1990 च्या भूकंपानं तडे गेलेच होते. ढिगारा उपसल्यावर दिसलं, की खांबांना बाहेरून घडीव दगड आणि आत गोटे आणि भराव. त्यावर 1950 च्या दशकात जुनं लाकडी छप्पर काढून काँक्रीटचं जड छप्पर घातलेलं. दुरुस्तीला 2007 उजाडलं.

हे वाचलं तेव्हा मी घरच्या माळवदाचा विचार करत होतो. किल्लारीच्या भूकंपात घरं का पडली, हे शाळेत सांगितलं होतं. भिंतीला बाहेरून एक दगडी थर, आतून एक, मधे दगडगोटे आणि माती, दोन्ही थर बांधून ठेवणारा आरपार दगड नाही. वर दर पावसाळ्याआधी टाकलेल्या पांढऱ्या मातीचं ओझं. म्हणजे भव्य चर्च काय आणि आमचं माळवद काय, आतून सारखंच पोकळ. म्हणून आप्पा, शिखर बांधायचं तर बांधा, पण खांबात लोखंड किती घालताय, ते आधी ग्रुपवर टाका.

आता जे ग्रुपवर लिहिलेलं नाही, ते.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे मी गावात नव्हतो. गणपती बुडवायला सोलापूरला मामांकडं गेलो होतो. आजी गावात होती. त्या पहाटेचा हादरा मला झोपेत कळलाही नाही. भावाला भूकंपग्रस्ताच्या दाखल्यावर नोकरी लागली, आणि इथं कुणी विचारलं की मीही म्हणतो, "आय केम फ्रॉम ॲन अर्थक्वेक व्हिलेज." इथल्या माणसांना ते लगेच कळतं. ग्रानिता, म्हणजे इथला बर्फाचा गोळा, पुढं सरकवतात. ज्या गोष्टीतून मी गेलो नाही, त्या गोष्टीची ओळख वापरून इथं मला माणसं मिळाली.

दुसरी गोष्ट. देवळाची वर्गणी मी भांडण सुरू व्हायच्या आधीच पाठवली होती. दवाखान्यासाठी कुणी मागितली नाही, आणि मीही विचारलं नाही. एवढ्या रकमेला पायरीवर देणगीदाराच्या नावाची फरशी बसते.

फरशीचा मजकूर पक्का करायला काल खजिनदाराचा फोन आला. म्हणाला, "नावाखाली 'कातानिया, इटली' असं टाकतो, दादा. म्हणजे पुण्याचे पण देतील."

मी नको म्हणालो नाही. फक्त स्पेलिंग नीट सांगितलं.