अर्ध्या तासाच्या ईईजीत फिटचं मूळ सापडत नसतं

एक फॉरवर्ड सध्या घरोघरीच्या ग्रुपवर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: फिट येत असेल तर ईईजी (डोक्याला तारा लावून काढलेला मेंदूतल्या विजेचा आलेख) काढा, अर्ध्या तासात ती मेंदूत कुठून सुरू होते ते कळतं. रिपोर्ट नॉर्मल आला तर आजारच नाही, गोळ्या बंद करा. बिघाड दिसला तर तेवढा भाग काढला की सुटका. आता तर एआय हे सेकंदांत सांगतं, पण गोळ्या खपाव्यात म्हणून डॉक्टर ऑपरेशनचं नाव काढत नाहीत. यातला एक सल्ला जिवावर बेतणारा आहे, म्हणून आधी तोच घेऊ.

“रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे आजार नाही.” साफ चूक. साधा ईईजी वीस-तीस मिनिटांचा असतो आणि त्या वेळात फिट बहुधा येतच नाही. दोन फिट्सच्या मधल्या काळात आलेखावर उमटणाऱ्या अणकुचीदार लहरी त्यात शोधतात, आणि पहिल्या खेपेला साधारण निम्म्या रुग्णांत त्याही सापडत नाहीत. रात्री जागरण करवून झोपेत काढला, पुन्हा काढला, तर शक्यता वाढते. तरी काहींचा कायम नॉर्मलच येतो. डोक्याच्या कातडीवरच्या तारेला काही दिसायचं तर मेंदूच्या सालीचा, म्हणजे बाहेरच्या थराचा, निदान सहा ते दहा चौरस सेंटिमीटर भाग एकदम पेटावा लागतो. खोल घडीतली छोटी गडबड कवटीबाहेर पोचतच नाही. म्हणून निदान मुख्यतः फिट पाहणाऱ्याने केलेल्या वर्णनावर उभं असतं. (चप्पल हुंगवत बसण्यापेक्षा कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ काढावा, डॉक्टरांना तो फार उपयोगी पडतो.) आणि गोळ्या एकदम बंद केल्या तर अशी फिट येऊ शकते जी थांबतच नाही.

“फिट कुठून सुरू होते ते कळतं.” कळू शकतं, पण असं नव्हे. त्यासाठी रुग्णाला काही दिवस दाखल करून डोक्याला तारा आणि समोर कॅमेरा लावतात, आणि गोळ्या मुद्दाम कमी करतात, कारण इथे फिट यायलाच हवी असते. शिरेत सुई असते, इंजेक्शन हाताशी असतं. घरी हा प्रयोग करू नये. फिट कानशिलाच्या आतल्या भागातून येणारी असेल तर काय दिसतं? पोटातून काहीतरी वर चढतंय असं म्हणत रुग्ण बटण दाबतो. नजर थिजते, तोंड चघळल्यासारखं हलतं, डावा हात चादर चाचपत राहतो आणि उजवा वाकडा होऊन ताठरतो. सिस्टर विचारते, “नाव काय तुमचं?” उत्तर नाही. ताठरलेल्या उजव्या हातावरून मूळ डावीकडे असावं असा कयास बांधता येतो. आलेखावर मात्र पहिले काही सेकंद कित्येकदा काहीच नसतं. डाव्या कानशिलावर लय उमटेपर्यंत फिट आत बरीच पुढे गेलेली असते.

एमआरआयमध्ये त्याच जागी व्रण दिसला तर बहुतेकदा तेवढ्यावर भागतं. नाही जुळलं, तर तारा मेंदूत घालाव्या लागतात. ही पद्धत पॅरिसच्या सेंत-आन इस्पितळात जाँ तालैराख आणि जाँ बाँको यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून घडवली. कवटीला दोन-अडीच मिलिमीटरची छिद्रं पाडून त्यांतून एक मिलिमीटरहून बारीक तारा (इलेक्ट्रोड) सोडतात, बऱ्याचदा दहा-पंधरा. पण प्रत्येकाला आपल्या आसपासचे काही मिलिमीटरच ऐकू येतात, म्हणून कुठे घालायचे याचा अंदाज आधीच पक्का लागतो. आलेखात जिथे बारीक, वेगवान लहर सर्वांत आधी उठली तिथे मूळ असेल, किंवा तार न घातलेल्या शेजारून ते लोण तिथे आलं असेल. हात आधी ताठरला आणि लहर नंतर उठली, तर समजावं की तारा चुकीच्या जागी आहेत. जागा बरोबर होती याची खात्री ती काढून टाकल्यावर फिट थांबल्या तरच होते.

“एआय सेकंदांत सांगतं.” तासन्‌तासांच्या आलेखातून संशयास्पद तुकडे वेचायला सॉफ्टवेअर चांगलं आहे. पण इलेक्ट्रोड जिथे पोचलाच नाही तिथलं ते कुठून आणणार?

“डॉक्टर ऑपरेशन लपवतात.” साधारण दोन तृतीयांश रुग्णांच्या फिट गोळ्यांनी आटोक्यात येतात, त्यांना ऑपरेशन कशाला? योग्य निवडलेली दोन औषधं पुरेशा मात्रेत घेऊनही फिट थांबत नसतील तर एपिलेप्सीच्या, म्हणजे या फिटच्या आजाराच्या, सर्जरीच्या केंद्रात तपासणी व्हायला हवी, आणि ती होत नाही किंवा फार उशिरा होते, ही तक्रार खरी आहे. पण त्याचं कारण लपवाछपवी नव्हे. अशी केंद्रं मोजकी आहेत आणि मेंदूच्या ऑपरेशनची धास्ती मोठी. मुंबईत केईएम, तिरुअनंतपुरमला श्री चित्रा संस्था, दिल्लीला एम्स इथे ही ऑपरेशन्स उघडपणे होतात. एम्सने तर औषधांना दाद न देणाऱ्या ११६ मुलांची चाचणी २०१७मध्ये जगासमोर मांडली: वर्षभरानंतर ऑपरेशन झालेल्यांपैकी ७७ टक्के मुलांच्या फिट थांबल्या होत्या, फक्त औषधांवर असलेल्यांपैकी ७ टक्क्यांच्या. त्याच चाचणीत ऑपरेशन झालेल्या ५७पैकी १९ मुलांना एका बाजूच्या अशक्तपणासारखे गंभीर परिणामही झाले. बऱ्याच जणांत ते अपेक्षितच होते, आणि पालकांना त्यांची कल्पना आधी द्यावी लागते. ‘तेवढा भाग काढला की सुटका’ या ओळीत अशा परिणामांना जागा नाही.