डोकं बारा वर्षांचं, रडणं पाच वर्षांचं

आठ वर्षांचा मुलगा जेवताना कृष्णविवरातून प्रकाश का सुटत नाही ते समजावून सांगतो आणि पाच मिनिटांनी पापड मोडला म्हणून भोकाड पसरतो. घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "एवढ्या मोठ्या मोठ्या गप्पा मारतोस आणि एवढ्याशा गोष्टीला रडतोस?" प्रज्ञावान मुलांच्या घरात या वाक्याइतकं नुकसान दुसरं कुठलंच वाक्य करत नसेल, असं माझं ठाम मत आहे.

त्या एका मुलात तीन वयं एकत्र नांदत असतात. तर्काचं वय १२, बोटांचं ८, आणि निराशा सोसायचं वय एरवी ८ पण दमल्यावर ५. याला विषम विकास म्हणतात. १९९१ साली अमेरिकेतल्या काही अभ्यासकांनी आणि पालकांनी मिळून प्रज्ञेची व्याख्याच या विषमतेवर बेतली होती. मला ती फार उपयोगी वाटते, कारण मूल अडलं की पहिला प्रश्न हाती मिळतो: आत्ता समोर कितव्या वर्षाचं मूल आहे?

रडणारं मूल ५ वर्षांचं असतं. त्याला जवळ घ्या, कमी बोला, पाणी द्या, वीसेक मिनिटं कुठलाही युक्तिवाद करू नका. शांत झालं की मग १२ वर्षांच्या मुलाशी बोला: "मघाशी नेमकं काय झालं होतं?" हा क्रम उलटा केला की घोळ होतो. रडता रडता वाद घातला तर ही मुलं वाद जिंकतात आणि तरीही रडत राहतात. आणि त्याआधी साधं गणित तपासा. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते. बाबा लोकलने साडेनऊला घरी येतात, मूल त्यांच्यासाठी जागतं, अकराला झोपतं, आणि सकाळच्या शाळेसाठी सहाला उठतं. म्हणजे सात तास. 'फार हळवा आहे हो' यातला बराचसा हळवेपणा तिथूनच येतो.

बुद्ध्यंक चाचणीबद्दल थोडक्यात. शाळेशी काही ठरवायचं असेल किंवा मुलाच्या वागण्यातली विसंगती उलगडत नसेल तर जरूर करा. पाच-सहा वर्षांच्या आत आलेला आकडा पुढे बराच हलतो. चाचणी प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाने, समोरासमोर, एकट्या मुलाची घ्यायची असते. तास-दीड तास लागतो, म्हणून त्या दिवशी मूल झोपलेलं, जेवलेलं, बरं असायला हवं. मानकं, म्हणजे ज्या मुलांच्या गुणांशी तुलना करून आकडा काढतात ती आकडेवारी, कुठल्या सालची आहेत ते विचारा. आपल्याकडे बिने-कामत चाचणी अजून वापरात आहे आणि तिचं मूळ काम स्वातंत्र्यापूर्वीचं आहे. जुन्या मानकांवर आजच्या मुलांचे गुण फुगून येतात. अहवालही घटकवार मागा. भाषिक तर्क १४० आणि काम उरकण्याचा वेग ९५ असेल, तर दोन्ही मिळून निघालेला एकच आकडा त्या मुलाबद्दल काहीच सांगत नाही. वर्गात वही अर्धवट का राहते, हे त्या ९५ मध्ये असतं. बोटांच्या ठशांवरून 'जन्मजात बुद्धिमत्ता' सांगणाऱ्या आणि डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणाऱ्या क्लासना मात्र शास्त्राचा कसलाही आधार नाही. ते पैसे वाचनालयाच्या वर्गणीत घाला.

१३० च्या वर बुद्ध्यंक असलेली मुलं शंभरात साधारण दोन. म्हणजे ६० मुलांच्या वर्गात जेमतेम एक. या एका आकड्यात त्या मुलाचा एकटेपणा दडलेला आहे. त्याला मित्र नसतात ते तो गर्विष्ठ असतो म्हणून नव्हे. त्याला पडतात ते प्रश्न पडणारं दुसरं मूल त्याच्या वर्गात बहुधा नसतंच.

म्हणून एकाच मित्रात सगळं शोधणं सोडून द्या. पकडापकडी खेळायला बिल्डिंगमधली त्याच्याच वयाची मुलं हवीत. डोक्याला खुराक द्यायला आवड जुळणारं कुणीतरी हवं, आणि ते १४ वर्षांचं असो की ६५ वर्षांचे निवृत्त आजोबा असोत. मुंबईत आणि आसपास या दुसऱ्या प्रकारच्या जागा आहेत. खगोल मंडळाचे वांगणीचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम, वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र, बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या) निसर्गभ्रमंत्या, मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे उपक्रम, कुठल्याही उपनगरातला बुद्धिबळाचा क्लास. पण एकदा जाऊन मैत्री होत नाही. तोच गट, तीच वेळ, सलग सहा-आठ वेळा, तेव्हा कुठे ओळखीची मैत्री व्हायला लागते. दर शनिवारी नवीन 'अॅक्टिव्हिटी' करणाऱ्या मुलाकडे प्रमाणपत्रं जमतात, मित्र जमत नाहीत.

एखाद्या मुलाशी सूर जुळतोय असं दिसलं की त्याला घरी बोलवा. पहिली भेट ४५ मिनिटांची, हातात काहीतरी काम असलेली: किल्ला बांधणं, सर्किट जोडणं, भेळ करणं. नुसतं 'खेळा रे' म्हटलं की ही मुलं एकमेकांना माहिती सांगत बसतात आणि अर्ध्या तासात भांडतात. आणि कंटाळा यायच्या आधीच भेट संपवा.

बिल्डिंगच्या खेळात बिनसतं ते बहुतेक वेळा नियमांवरून. हे मूल साध्या लपंडावात चार नवे नियम घालतं, कोण चुकलं ते दर मिनिटाला दाखवतं, आणि पंधरा मिनिटांत बाकीची मुलं 'घरी बोलावलंय' म्हणून निघून जातात. 'तू अॅडजस्ट कर' एवढ्याने त्याला काही कळत नाही. त्याला पद्धत सांगावी लागते: पहिले दोन डाव त्यांच्या नियमांनी, मग एकच बदल सुचवायचा, 'असं करून बघूया का?' असं विचारून, आणि नाही म्हणाले तर सोडून द्यायचा. बोलतानाही तसंच. आपल्या आवडीचं दोनदा सांगितलं की तिसऱ्यांदा समोरच्याला प्रश्न विचारायचा. ही मुलं नियम झपाट्याने शिकतात. हाही एक नियम म्हणून सांगितला की शिकतात.

शाळेत जाताना 'माझा मुलगा वर्गात बोअर होतो' या वाक्याने सुरुवात करू नका. साठ मुलं सांभाळणाऱ्या बाईंना त्यात 'तुम्हाला शिकवता येत नाही' एवढंच ऐकू येतं. पीटीएमच्या रांगेत हा विषय काढू नका. परीक्षा संपल्यावर वीस मिनिटांची वेगळी वेळ मागा. एका कागदावर मुलाने घरी केलेलं दोन-तीन प्रकारचं काम न्या आणि मागणी एकच ठेवा. सगळ्यात सोपी मागणी अशी: स्वाध्यायातली सगळ्यात अवघड पाच गणितं आधी सोडवू द्या, ती बरोबर आली तर उरलेली वीस माफ. शिक्षकांचं काम वाढत नाही आणि मुलाची शिक्षाही टळते. हो, येत असलेलं गणित पंचवीस वेळा करणं ही शिक्षाच आहे. सहा आठवडे करून बघू, मग पुन्हा बसू, असं ठरवा. जमलं तर गणिताच्या तासाला वरच्या वर्गात बसवण्याचं विचारता येतं. पूर्ण इयत्ता उडी मारण्याचा निर्णय मात्र सावकाश घ्या. बुद्धीने ते झेपतं, पण हाताचा लिहिण्याचा वेग आणि मुलाची स्वतःची इच्छा ही दोन्ही असतील तरच. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीने १९६२ पासून या प्रश्नावर काम केलं, १९६९ पासून वेगळी प्रशालाही चालवली. मुंबईतल्या बहुतेक पालकांना मात्र नेहमीच्या शाळेतच वाट काढावी लागते, आणि बाईंशी बिघडलं तर त्याची किंमत मूल वर्षभर मोजतं.

तोंडी सगळं येतं आणि पेपरात ५५ टक्के, असं सतत होत असेल तर 'आळशी' म्हणण्याआधी अध्ययन अक्षमता तपासा. तल्लख बुद्धी डिस्लेक्सिया (वाचण्या-लिहिण्यातली अक्षमता) झाकते, डिस्लेक्सिया बुद्धी झाकतो, आणि मूल 'मध्यम' म्हणून वर्षानुवर्षं मागच्या बाकावर बसतं. महापालिकेच्या सायन रुग्णालयात यासाठी खास विभाग आहे. प्रमाणपत्र मिळालं की परीक्षेत वाढीव वेळ आणि गरजेप्रमाणे लेखनिक मिळतो.

घरी सगळ्यात आधी बंद करायची गोष्ट म्हणजे प्रदर्शन. पाहुणे आले की '२९ चा पाढा म्हणून दाखव', सोसायटीच्या गणपतीत माईक हातात, स्कॉलरशिपचा निकाल फॅमिली ग्रुपवर. आजी-आजोबा हे प्रेमाने करतात, म्हणून त्यांना तोडून बोलू नका. "आजी, त्याला तुम्ही तुमच्या लहानपणीचं सांगा ना," एवढं म्हटलं तरी पाढा टळतो. धाकटी असेल तर 'हा हुशार, ही गोड' अशी वाटणी कधीच करू नका. ती दोन्ही मुलांना जन्मभर पुरते. तिच्यासोबतची आठवड्यातली एक ठरलेली वेळ त्याच्या स्पर्धेसाठी पुढे ढकलू नका, कारण ती मोजत असते.

कौतुक कशाचं करायचं यावर १९९८ चा क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग आहे. पाचवीतल्या ज्या मुलांना 'तू हुशार आहेस' म्हटलं, त्यांनी नंतर सोपं काम निवडलं आणि अपयशानंतर ती जास्त घसरली. ज्यांच्या मेहनतीचं कौतुक झालं ती टिकून राहिली. प्रज्ञावान मुलाला हे लागू पडतं, कारण दहावीपर्यंत त्याला मेहनत करावीच लागत नाही. अकरावीत आयआयटीच्या क्लासला पहिल्या चाचणीत ४० टक्के मिळतात आणि 'मी हुशार नव्हतोच' असा निकाल ते स्वतःच लावून टाकतं. म्हणून लहानपणापासून एक गोष्ट अशी हवी जी त्याला पटकन येत नाही. शिवाजी पार्कला मल्लखांब लावा. खांबाशी वाद घालता येत नाही, पकड सुटली की माणूस खाली येतो, आणि महिनाभर तेच करून एक दिवस जमतं. तबला, पोहणं, पोळी लाटणं, काहीही चालेल. तिथे स्पर्धा लावू नका एवढंच.

रात्रीचे प्रश्न ही आणखी एक गोष्ट. 'आई, तू मेलीस तर?', 'समुद्र वर आला तर आपलं घर जाईल का?' माहिती १२ वर्षांच्या डोक्यात जाते आणि भीती ६ वर्षांच्या पोटात बसते. 'असले विचार करायचे नाहीत' म्हटलं की विचार थांबत नाहीत, सांगणं थांबतं. संध्याकाळी सातच्या सुमाराला १५ मिनिटं 'काळजीची वेळ' ठेवा. प्रश्न वहीत लिहायचे, खरी उत्तरं छोट्या वाक्यांत द्यायची, आणि झोपताना आलेला प्रश्न वहीत टाकून उद्यावर. त्याच्यासमोर बातम्यांचं चॅनल बंद.

प्रज्ञावान मुलं मुळातच मनाने आजारी असतात, हा समज खोटा आहे. १९२१ पासून अमेरिकेत हजारहून अधिक मुलांचा आयुष्यभर मागोवा घेणाऱ्या मानसशास्त्रज्ञ टर्मनच्या अभ्यासातही तसं दिसलं नाही. म्हणूनच 'हुशार मुलं असतातच अशी' म्हणत लक्षणांकडे काणाडोळा करू नका. दोन आठवडे टिकलेली उदासी, शाळेच्या सकाळीच दुखणारं आणि रविवारी न दुखणारं पोट, आवडीच्या गोष्टीतून उडालेलं मन, मरणाची भाषा. यातलं काही दिसलं तर बालमानसोपचारतज्ज्ञाकडे जा. सायन, केईएम, नायर या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो.

आता ज्या मुलांसाठी ही पोस्ट लिहायला घेतली ती. वरचं सगळं वाचणारा पालक बहुधा शिकलेला असतो. महापालिकेच्या शाळा आठ माध्यमांतून चालतात आणि तिथेही शंभरात दोन मुलं अशीच असतात. ती ऑलिम्पियाडच्या यादीत दिसत नाहीत. ती दिसतात दुकानाचा हिशेब तोंडी करताना, धाकट्या तिघांना सांभाळताना, आईला दवाखान्यातला कागद वाचून दाखवताना. वर्गात ती 'उलट बोलतो', 'मध्ये मध्ये बोलते' या शेऱ्याखाली सापडतात. शिक्षकांना माझी विनंती आहे की अशा मुलाच्या आईला बोलवाल तेव्हा तिची कामं सुटल्यानंतरची वेळ द्या. चिठ्ठीत 'तक्रार नाही, चांगलं सांगायचं आहे' एवढं स्पष्ट लिहा, नाहीतर बोलावणं आलं म्हणजे पोराने काहीतरी केलं असणार, या समजुतीने त्याला आदल्या रात्रीच मार बसतो. आणि आईची भाषा वेगळी असेल तर दुभाषी म्हणून त्या मुलालाच न बसवता शाळेतल्या दुसऱ्या कुणाला तरी बसवा. तो दहा वर्षांचा आहे. तेवढा अर्धा तास त्याला मैदानावर राहू द्या.