खुलासा: पन्हाळ्याचा तो दगड उल्का नव्हे

पन्हाळ्याच्या वाटेवर सापडलेला काळा, भोकाभोकांचा दगड ‘कार्बनवाली उल्का’ असल्याचा मेसेज कोल्हापुरात ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. फोटो मोठा करून बघा, भोकांत पांढरे स्फटिक दिसतात. हा आपला सह्याद्रीचा बेसाल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा खडक. लाव्हातल्या वायूचे बुडबुडे तसेच राहिले, त्यांत पुढं झिओलाइट नावाचं पांढरं खनिज भरलं. उल्केत अशी भोकं सहसा नसतात.

आणि काळा म्हणजे कार्बन, हे तर साफ चूक. १९६९ साली मेक्सिकोत पडलेली अयेंदे ही उल्का कार्बनी कॉन्ड्राइट, म्हणजे ‘कार्बनवाल्या’ गटातलीच, पण तिच्यात कार्बन १ टक्काही नाही! उल्केचा गट ठरतो कॉन्ड्रूल नावाच्या बारीक गोळ्या, सर्पेंटाइनसारखी पाणी मुरलेली खनिजं, सिलिकॉनच्या तुलनेत मॅग्नेशियम-कॅल्शियमचं प्रमाण आणि ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून (म्हणजे त्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून). खनिजं बघायला ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली धरावा लागतो.