‘टोचलं तरी पाय काढू नका’ हा सल्ला मानू नका

गुडघ्याखाली पाय कापावा लागलेल्यांसाठी एक मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतोय. सांगणं असं : रात्री स्टंपखाली, म्हणजे कापून उरलेल्या पायाखाली, उशी घ्या, टाके निघाले की लगेच शिबिरातून जयपूर फूट बसवून घ्या, टोचलं तरी काढू नका, कातडी निबर होते, मग आयुष्यभर बघायला नको.

सगळ्यात घातक आहे ते ‘निबर होते’. सॉकेटमध्ये, म्हणजे कृत्रिम पायाच्या ज्या पोकळ भागात स्टंप बसतो त्यात, भार सगळीकडे सारखा पडत नाही. गुडघ्याच्या वाटीखालची जाड शीर, नडगीच्या वरच्या टोकाची आतली पसरट बाजू आणि पोटरी भार सोसतात. नडगीची धार, तिचं कापलेलं टोक आणि बाहेरच्या बाजूला हाताला लागणारं हाडाचं बोंड यांवर कातडीखाली मांसच नसतं. तिथे दाब पडत राहिला तर कातडी फाटते. म्हणून नवा पाय पहिल्या दिवशी 15-20 मिनिटंच घाला, काढून बघा, मग हळूहळू वेळ वाढवा. लाली 10-15 मिनिटांत गेली पाहिजे. राहिली तर त्या जागेचा फोटो काढा आणि पाय न घालता तो बनवणाऱ्या तंत्रज्ञाकडे जा. मधुमेहींनी दुखण्याची वाट बघूच नये, कारण त्यांना टोचलेलं कळतंच असं नाही. रोज आरशात स्टंपचं टोक बघावं.

लोक ज्याला निबर म्हणतात, ती टोकाची काळसर, जाड, चामखिळीसारखी कातडी बहुतेकदा वेगळंच सांगत असते : टोक सॉकेटच्या तळाला टेकत नाही, अधांतरी लटकतंय आणि तिथे सूज साचतेय.

टोचण्याचं कारण पुष्कळदा सॉकेटच्या आत स्टंपवर चढवायचा मोजा असतो. स्टंप दिवसभरात, आणि पहिल्या वर्षात तर महिन्या-महिन्याला, बारीक होतो. मग तो सॉकेटमध्ये खाली बसतो आणि टोकावर, वाटीच्या खालच्या कडेवर दाब येतो. तेव्हा एकपदरी मोजा वाढवायचा. उलट स्टंप पूर्ण आत जात नसेल तर एक काढायचा. एकपदरी, तीनपदरी, पाचपदरी मोजे पिशवीत असू द्या. दहा-बारा पदर लागायला लागले तर सॉकेट बदलायची वेळ झाली.

उशीचं म्हणाल तर गुडघा वाकलेला राहून काही आठवड्यांत तसाच आखडतो. मग कितीही चांगला पाय बनवला तरी चाल नीट बसत नाही. गुडघा सरळ ठेवा, खुर्चीत बसताना स्टंप लोंबकळू देऊ नका, त्याच्याखाली फळी घ्या. दिवसातून दोनदा 20 मिनिटं पालथं झोपा, म्हणजे खुबाही आखडणार नाही. सुजेसाठी 4 इंची क्रेप बँडेज आठच्या आकड्यासारखं तिरकं बांधा. टोकाशी घट्ट, वर सैल, आणि दर 4-6 तासांनी सोडून पुन्हा. गोल वेढे दिले तर वर फास बसतो आणि टोक फुगतं.

टाके निघणं म्हणजे स्टंप तयार होणं नव्हे. जखम पूर्ण भरून सूज उतरायला साधारण 6-8 आठवडे जातात, मधुमेहात जास्तही.

जयपूर फूटला आम्ही नावं ठेवत नाही. 1968 च्या सुमारास रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडवलेलं हे पाऊल अनवाणी चालायला, उकिडवं बसायला, चिखलात उतरायला उत्तम आहे. अडचण त्याच्या वरच्या सॉकेटची. ते आजच्या मापाचं असतं, स्टंप मात्र बदलत राहतो. शिबिर उठल्यावर दुरुस्ती कुठे होणार, हे पाय घेण्याआधीच विचारून घ्या. मुंबईत हाजी अलीजवळच्या केंद्र सरकारच्या पुनर्वसन संस्थेत अशी सोय आहे.

आणि ‘आयुष्यभर बघायला नको’? स्टंप रोज धुवायचा, पण रात्री. सकाळी ओल्या, फुगलेल्या कातडीवर मोजा चढवला तर ती सोलते. साधा साबण पुरे. स्पिरिटने कातडी कोरडी पडून भेगाळते. सॉकेट आतून पुसा, मोजा रोज बदला. उरलेल्या पावलाचा तळवाही रोज तपासा, आता जास्त भार त्याच्यावर आहे. झोपेतून उठताना कापलेला पाय जागेवरच असल्यासारखा वाटतो आणि माणूस त्यावर उभं राहायला जातो, म्हणून कुबड्या हाताशी हव्यात, पलंगाखाली नकोत.