‘आपल्याला काय फरक पडतोय’ म्हणणाऱ्यांनो, जरा ऐका

कोल्हापुरात ग्रुपाग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. दुसऱ्या देशात लोकशाही हाय का हुकूमशाही हा त्यांचा घरचा मामला, भारत असल्या भानगडीत कधी पडला नाय, अमेरिका इराकात पडली तर वाटोळं झालं, आणि आपल्याला काय फरक पडतोय. मला यातलं जवळजवळ काहीच पटत नाय.

घरचा मामला म्हणताय तर आणीबाणी आठवा की. १९७६ ला समाजवादी नेते जॉर्ज फर्नांडिसांना पकडलं तेव्हा युरोपातल्या समाजवादी नेत्यांनी त्यांच्यासाठी आवाज उठवला. आज आणीबाणीला शिव्या देणारा कुणी म्हणेल का, त्यांनी गप्प बसायला पाहिजे होतं? मग म्यानमारमधली पोरं २०२१ पासून लष्कराच्या गोळ्या खातायत, त्यांच्यासाठी कुणी बोलायचं नाय का?

भारत कधी पडला नाय हे तर साफ खोटं. १९४६ ला, अजून इंग्रज इथंच होते तेव्हा, आपण वर्णभेदावरून दक्षिण आफ्रिकेशी व्यापार बंद केला आणि विषय युनोत नेला. १९७० च्या निवडणुकीत पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आताच्या बांगलादेशात, अवामी लीग पक्षानं १६२ पैकी १६० जागा जिंकल्या, लष्करानं सत्ता द्यायची सोडून २५ मार्च १९७१ च्या रात्री ढाक्यात कत्तल सुरू केली, आठवड्याच्या आत आपल्या संसदेनं तिथल्या जनतेच्या बाजूनं ठराव केला, आणि बघता बघता जवळपास एक कोटी माणसं जीव वाचवत आपल्याकडं आली.

इराकचं मान्य. बॉम्ब टाकून लोकशाही येत नाय, २००३ ला आपल्या लोकसभेनंही त्या हल्ल्याची निंदा केली. पण सैन्य पाठवा असं कोण म्हणतंय, निदान तोंड तर उघडा.

आता फरकाचं. बांगलादेशात २०१४ ला निम्म्याहून जास्त जागा बिनविरोध गेल्या, २०२४ ला परत मुख्य विरोधी पक्षाचा बहिष्कार, आणि आपण ‘तो त्यांचा अंतर्गत विषय’ म्हणत तिथल्या पंतप्रधान शेख हसीनाबाईंचं अभिनंदन केलं. आपल्याला ते तटस्थ वाटलं, तिथल्या लोकांनी मात्र भारत हसीनांच्या बाजूचा असंच धरलं. ऑगस्टमध्ये त्यांची सत्ता गेली, त्या पळून भारतात आल्या, लोकांचा राग आपल्यावर निघाला. एप्रिल २०२५ ला बांगलादेशानं जमिनीवरच्या मार्गानं जाणारं आपलं सूत बंद केलं. त्यात त्यांच्या गिरण्यांचं हित होतंच, पण संबंध एवढे बिघडले नसते तर बोलून काहीतरी मार्ग निघाला असता. इचलकरंजी भागात सूतगिरण्या हायत, यंत्रमाग हायत, सुताचा भाव हलला की तिथं कुणाकुणाची झोप उडते ते फॉरवर्ड करणाऱ्यांनी एकदा जाऊन विचारावं.